दोन गर्भपातांनंतरच्या तपासण्या आणि थायरॉइड : माझा अनुभव

मार्च २०२१ मध्ये माझा पहिला गर्भपात झाला, फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसरा. दुसऱ्यानंतर तपासण्या केल्या, त्यात थायरॉइडचा दोष सापडला, गोळ्या सुरू झाल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुलगी झाली. आता ती चालते, दार उघडं दिसलं की अंगणात पळते. इतके दिवस लिहायला धीर होत नव्हता.

त्या काळात मी रात्री जागून जे वाचायचे, त्यात दोनच तऱ्हा सापडायच्या. एक, ‘थायरॉइड असेल तर मूल राहत नाही’ असं सरसकट सांगून घाबरवणारी. दुसरी, कुठल्या तरी काढ्याने थायरॉइड मुळासकट जातो असं सांगणारी. आमच्या बाबतीत जे निघालं ते या दोन्हींत बसत नव्हतं. म्हणून जे घडलं ते क्रमाने, तारखा आणि खर्चासकट लिहिते आहे. माझे आकडे आणि माझा डोस माझ्यापुरते आहेत, ते बघून कोणी स्वतःच्या गोळ्या बदलू नयेत.

मी गोव्यात डिचोलीजवळ राहते. नोकरी औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत, हिशेबाच्या विभागात. लग्न २०१९ चं. जानेवारी २०२१ मध्ये पहिल्यांदा दिवस राहिले. सुरुवातीच्या रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, ग्रंथी कमी पडली की ते वाढतं) ४.८ आलं होतं. लॅबच्या छापील चौकटीत ‘०.५ ते ५’ असं होतं, म्हणून आकड्यापुढे स्टार नव्हता. जिथे दाखवत होते तिथेही त्यावर कोणी बोललं नाही. छापील मर्यादा ही दिवस नसलेल्या माणसासाठी असते हे मला पुढे वर्षभराने कळलं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच मुळातच खाली जातं, कारण त्या वेळी वाढणारं एचसीजी हे संप्रेरक थायरॉइडलाही थोडंफार चालना देतं. त्यामुळे त्या काळातली वरची मर्यादाही खाली धरतात. लॅबची स्वतःची गरोदरपणाची मर्यादा नसेल तर साधारण ४. तुमच्या रिपोर्टवर स्टार नसला तरी आकडा स्वतः वाचा आणि ‘हा आकडा गरोदर बाईसाठी ठीक आहे का?’ असं तोंडाने विचारा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सोनोग्राफीला गेले. कोविडचे दिवस, नवऱ्याला आत घेतलं नाही, तो बाहेर पायऱ्यांवर थांबला. नववा आठवडा चालू होता. डॉक्टरांनी स्क्रीन स्वतःकडे वळवली आणि बराच वेळ गप्प राहिल्या, तेव्हाच मला कळलं. ठोके नव्हते. बाहेर येऊन त्याला सांगायचं कसं, याचाच विचार डोक्यात होता, स्वतःचं दुःख घरी पोचल्यावर आलं. गोळ्या देऊन घरीच सगळं मोकळं झालं. दोन दिवस पोटात मरणाच्या कळा आणि वाटलं होतं त्याहून पुष्कळ जास्त रक्तस्राव. किती रक्त जाणं चालतं आणि कधी इस्पितळात धावायचं, हे आधीच विचारून घ्या. मला सांगितलं होतं : तासाला दोन मोठे पॅड भिजायला लागले आणि सलग दोन तास तसंच राहिलं तर थांबायचं नाही.

सगळे म्हणाले, पहिल्यांदा होतं असं, पुष्कळांना होतं. ते खोटं नाही. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भातल्या गुणसूत्रांच्या बिघाडाने होतात आणि एका गर्भपातानंतर सहसा मोठ्या तपासण्या करत नाहीत. मी आठवडाभर सिक लीव्ह घेतली आणि कामाला गेले.

डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा दिवस राहिले. या खेपेला सातव्या आठवड्यात ठोके दिसले. आम्ही दोघं त्या दिवशी म्हापशाच्या बाजारातून येताना उगाचच लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात शिरलो, काही घेतलं नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला थोडं रक्त दिसलं, सोनोग्राफी केली, ठोके थांबलेले.

दुसऱ्या वेळी डॉक्टर बदलल्या होत्या. पिशवी साफ करायचं ठरलं तेव्हा त्यांनीच विचारलं, “गर्भाची जनुकीय तपासणी करायची का? दुसरी वेळ आहे, उत्तर मिळालं तर पुढचं सोपं होईल.” हा प्रश्न त्या अवस्थेत ऐकणं कठीण असतं. तरी मी सांगेन, दुसऱ्या वेळी ही वेळ आली तर क्युरेटिंगच्या आधीच विचारून ठेवा, कारण नंतर काही करता येत नाही. आणखी एक बारीक गोष्ट : नेहमीच्या पॅथॉलॉजी तपासणीसाठी नमुना फॉर्मलिनमध्ये ठेवतात, जनुकीय तपासणीसाठी तो निर्जंतुक सलाइनमध्ये लागतो. फॉर्मलिनमध्ये गेला की या कामासाठी तो जवळजवळ वाया. नवऱ्याने ऑपरेशन थिएटरच्या दारात नर्सला दोनदा आठवण करून दिली. नमुना गोव्याबाहेर गेला. क्युरेटिंग आणि एक दिवसाची खोली धरून खाजगी इस्पितळाचं बिल अठरा हजारांच्या आसपास, जनुकीय तपासणीचे चौदा हजार वेगळे. सरकारी इस्पितळात क्युरेटिंगला आमचा हा खर्च झाला नसता, पण त्या दिवशी जवळ जे होतं तिथेच आम्ही गेलो.

रजेबद्दल इथेच सांगते, कारण हे फार कमी जणींना ठाऊक असतं. माझ्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ९ प्रमाणे गर्भपात झालेल्या बाईला त्या दिवसापासून लगेचची सहा आठवड्यांची पगारी रजा मिळायची (नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला). आधीच्या बारा महिन्यांत निदान ऐंशी दिवस काम झालेलं लागायचं आणि पुरावा द्यावा लागायचा. माझा पगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) तेव्हाच्या एकवीस हजारांच्या मर्यादेच्या वर, म्हणून मला हा कायदा. ज्या ईएसआयमध्ये होत्या त्यांना तिथूनही सहा आठवड्यांचा लाभ होता. आमच्या ऑफिसात आधी माझी रजा आजारपणाच्या खात्यात टाकली गेली. मी कलमाचा क्रमांक लिहून, डिस्चार्ज कार्डाची आणि सोनोग्राफीची प्रत जोडून साधा अर्ज दिला. दोन आठवडे उत्तर आलं नाही. मग मुख्य कार्यालयातून होकार आला आणि आधी कापलेली सिक लीव्ह परत जमा झाली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसकट. सहाच्या सहा आठवडे घ्या असंही सांगेन. मला तिसऱ्या आठवड्यापर्यंत जिना चढताना दम लागत होता, आणि मनाचं तर वेगळंच.

घरात या काळात काय चाललं होतं? सासूबाई काही टोचून बोलल्या नाहीत, पण त्यांची धडपड दिसायची. त्या ग्रामदेवतेकडे कौल लावायला गेल्या, गाऱ्हाणं घातलं. मलाही घेऊन गेल्या. मी मनापासून हात जोडले. देवळातून बाहेर पडताना त्या म्हणाल्या, “बाय, देवाने आपलं केलं, आता डॉक्टराचं तू कर.” त्या वाक्याचा मला पुढे फार आधार झाला, कारण तपासण्या म्हणजे देवावर अविश्वास असं आमच्या घरात कोणी मानलं नाही. नवरा मात्र बोलतच नव्हता. एका रात्री तो मागच्या दारी बसलेला दिसला, मी जाऊन शेजारी बसले, तेव्हा पहिल्यांदा तो रडला. बाईला निदान चार जणी येऊन विचारतात. त्याला ऑफिसात कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी जनुकीय रिपोर्ट आला : ट्रायसोमी १६. म्हणजे सोळाव्या गुणसूत्राच्या दोन ऐवजी तीन प्रती. गर्भपातांत सापडणाऱ्या ट्रायसोमींमध्ये हीच सगळ्यात जास्त आढळते आणि असा गर्भ वाढत नाही. बीज तयार होताना पेशीच्या वाटणीत झालेली ही चूक, कोणी काही खाल्लं-उचललं म्हणून होत नाही. मी तो कागद नवऱ्याला तीनदा वाचून दाखवला. सुटकेसारखं वाटलं आणि त्या वाटण्याची लाजही वाटली. डॉक्टरांनी सांगितलं, “हा बिघाड बहुधा योगायोगाचा. यामुळे तुम्हा दोघांची गुणसूत्रं तपासायची गरज मला वाटत नाही.” तिथे आमचे आठ-नऊ हजार वाचले.

पण पहिल्या गर्भाची तपासणी झालेलीच नव्हती. दोन गर्भपात झाले की कारणं शोधायला हरकत नाही, असं आता बऱ्याच ठिकाणी मानतात; युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेची व्याख्याही दोन किंवा अधिक अशीच आहे. तीन होईपर्यंत थांबा, असं तुम्हाला कोणी सांगितलं तर दुसरं मत घ्या. एका लॅबने ‘वारंवार गर्भपात पॅकेज’ म्हणून बावीस हजारांची यादी दिली होती. डॉक्टरांनी पेन घेऊन त्यातल्या अर्ध्याहून जास्त ओळी काटल्या. टॉर्च तपासणी (काही संसर्गांची) काटली, नॅचरल किलर पेशी काटल्या, रक्ताच्या गुठळ्यांच्या आनुवंशिक तपासण्या काटल्या, कारण घरात तसा इतिहास नव्हता. उरलं ते एवढं : टीएसएच, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, थायरॉक्सिन) आणि अँटी टीपीओ, अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीज (रक्ताच्या गुठळ्या वाढवणारी प्रतिपिंडं), एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर), पिशवीच्या आकारासाठी थ्रीडी सोनोग्राफी. दहा हजारांच्या आत बसलं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड आमच्याकडे होतं, पण ते दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. या तपासण्या खिशातून. पुढे टीएसएच मी बरेचदा गोमेकॉतच, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजातच केलं. डिचोलीहून पणजी, कदंब स्थानकावरून बांबोळीची बस, केस पेपर, रांग. अर्धा दिवस जातो पण पैसे जात नाहीत. मतदार ओळखपत्र किंवा आधार आणि जुना केस पेपर एकाच पिशवीत ठेवायचा, म्हणजे खिडकीवर परत पाठवत नाहीत.

या तपासण्या गर्भपातानंतर लगेच करायच्या नसतात. मार्चअखेरीपर्यंत, म्हणजे सहा आठवडे उलटेपर्यंत आम्ही थांबलो. ते दिवस मला सगळ्यांत लांब वाटले.

निकाल असे आले. एचबीए१सी ठीक, पिशवी ठीक. अँटीफॉस्फोलिपिडमधलं एक किंचित वर. टीएसएच ६.९, फ्री टी४ मर्यादेत, आणि अँटी टीपीओ ४१२, जिथे लॅबची मर्यादा ३४ होती.

अँटी टीपीओ म्हणजे आपल्याच शरीराने थायरॉइड ग्रंथीविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. आजाराचं नाव हाशिमोटो. ग्रंथी हळूहळू थकत जाते, आणि टी४ अजून पुरेसं असलं तरी मेंदूतून येणारं टीएसएच तिला जास्त जोराने हाका मारायला लागतं. हा आजार कुटुंबांत चालतो म्हणून डॉक्टरांनी माहेरची चौकशी करायला सांगितली. आईला फोन केला तेव्हा ती सहज म्हणाली, “अगं, मी बारा वर्षं घेते ती गोळी, तुला माहीत नाही?” मला खरंच माहीत नव्हतं. आत्याच्या गळ्याला गाठ होती, ती काढली, हेही त्याच फोनवर कळलं. आपल्याकडे रक्तदाब आणि डायबेटिस सगळ्यांना सांगतात, बायकांच्या गळ्याची गाठ आणि पाळीच्या तक्रारी घरातल्या घरात राहतात. लग्नाआधी आईला, मावशीला, आत्याला हे मुद्दाम विचारून ठेवा.

घरात मात्र एका दिवसात निकाल लागला : थायरॉइडमुळे दोन्ही गेले. शेजारच्या काकींनी तसं वाड्यावर सांगितलंही. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, “हेच कारण का?” त्यांचं उत्तर मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. दुसऱ्या गर्भपाताचं कारण गुणसूत्रात सापडलं आहे, त्याचा दोष थायरॉइडला देता येत नाही. पहिल्याचं कारण आता कधीच कळणार नाही. थायरॉइड कमी असणं आणि टीपीओ अँटीबॉडीज असणं, दोन्हींचा गर्भपाताच्या वाढलेल्या धोक्याशी संबंध आढळतो, हे खरं. पण संबंध आहे म्हणजे तुमच्या बाबतीत तेच घडलं असं होत नाही. गोळी द्यायची ती पुढच्या वेळी ही एक बाजू तरी भक्कम असावी म्हणून. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते, तोवर बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर असते. त्यामुळे गर्भपाताचा प्रश्न बाजूला ठेवला तरी उपचार हवाच होता.

मी आणखी एक विचारलं होतं. माझ्या मैत्रिणीच्या अँटीबॉडीज वर होत्या पण टीएसएच अगदी नॉर्मल, तरी तिला कोणी गोळी दिली होती. तशाने फायदा होतो का? यावर ब्रिटनमध्ये टॅब्लेट नावाची मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. टीएसएच नॉर्मल पण टीपीओ अँटीबॉडीज असलेल्या, आधी गर्भपात झालेल्या किंवा दिवस राहायला अडचण आलेल्या ९५२ जणींपैकी निम्म्यांना रोज ५० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची नेहमीची गोळी) दिलं, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. जिवंत मूल जन्मण्याचं प्रमाण ३७.४ आणि ३७.९ टक्के. म्हणजे फरक नाहीच. माझं टीएसएच मुळात वर होतं म्हणून माझी गोष्ट वेगळी. हे ऐकून माझा विश्वास वाढला. प्रत्येक गोष्टीवर गोळी नाही असं सांगणारा माणूस जेव्हा गोळी देतो, तेव्हा ती घ्यावीशी वाटते.

एप्रिल २०२२ मध्ये ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. महिन्याला शंभर रुपयेसुद्धा खर्च नाही. शिस्त मात्र लागते. सकाळी उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहासुद्धा नाही. आमच्या घरी पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की चहा आणि गरम पोई (गव्हाचा पाव), सगळे एकत्र बसतात. सासूबाई माझ्यासाठी चहा थांबवून ठेवू लागल्या आणि मला त्याचा संकोच वाटायचा. मग मी उशाशीच गोळी आणि पाण्याचा तांब्या ठेवला, साडेपाचला गजर लावून गोळी घ्यायची आणि परत आडवं व्हायचं. प्रश्न मिटला. बाटली स्वयंपाकघरात ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात तिथली वाफ आणि दमट हवा गोळ्यांना चालत नाही. मी झाकण घट्ट लावून कपाटात, उजेडापासून लांब ठेवते.

खाण्यावरून सल्ले तर येतच होते. कोबी बंद, फ्लॉवर बंद, सोयाबीन बंद. डॉक्टरांनी शिजवलेला कोबी बिनधास्त खायला सांगितला. मिठाचं मात्र बदललं. आमच्याकडे आगरवाड्याहून आणलेलं आगराचं खडं मीठ वर्षभर चालायचं, त्यात वेगळं आयोडीन घातलेलं नसतं. आता ते लोणच्याला आणि मासळी खारवायला, रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनचं. माझा आजार आयोडीनच्या कमतरतेचा नाही, पण गरोदरपणात आयोडीनची गरज वाढते (जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५० मायक्रोग्रॅम सांगते), आणि ती आयोडीनच्या मिठातून भागते. आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका, हाशिमोटोमध्ये त्या उलट त्रास देऊ शकतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस थांबवा आणि लॅबला सांगा. त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

डोस बदलला की टीएसएच स्थिरावायला सहा आठवडे लागतात, आधी तपासून उपयोग नसतो. मेच्या शेवटी ३.८ आलं, डोस ६२.५ केला. जुलैत २.१. त्याच सुमारास अँटीफॉस्फोलिपिडची दुसरी तपासणी केली. ही बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा वर आली तरच खरी मानतात. माझी दुसऱ्या वेळी पूर्ण नॉर्मल आली. एका ओळखीच्या बाईंना एकाच रिपोर्टवर पुढे रोज पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं सांगितली होती, म्हणून हे मुद्दाम लिहिते : दुसरी तपासणी झाल्याशिवाय ते मान्य करू नका, विचारा.

चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळं घर भरलं. मुंबईचे, पुण्याचे, सगळे. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधताना एका चुलत जावेने विचारलं, “अजून काही नाही?” मी म्हटलं, “दोनदा होतं, राहिलं नाही. आता औषध चालू आहे.” मी असं पहिल्यांदाच उघड बोलले. ती थबकली आणि मग संध्याकाळी विहिरीजवळ मला बाजूला घेऊन म्हणाली, तिचाही एक गेला होता, दहा वर्षांपूर्वी, नवऱ्याशिवाय कोणाला माहीत नाही. त्या चवथीत अशा आणखी दोघी निघाल्या.

१२ जानेवारी २०२३ ला दोन रेघा आल्या. या दिवसासाठी सूचना आधीच लिहून घेतली होती आणि माझ्या मते या सगळ्या लेखात कामाची म्हणावी अशी ही गोष्ट आहे. दिवस राहिले की शरीराची थायरॉक्सिनची गरज चौथ्या-सहाव्या आठवड्यापासूनच वाढू लागते. तेव्हा आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईने अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचं नाही. मला सांगितलं होतं, चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यापासून दोन जादा गोळ्या, म्हणजे सातच्या ऐवजी नऊ. बुधवार आणि रविवार दुप्पट. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. तुमची गोळी चालू असेल तर हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांना आजच विचारून उत्तर बाटलीवर चिकटवून ठेवा. दुसऱ्याच दिवशी टीएसएच केलं, २.९. चार आठवड्यांनी २.७. लक्ष्य २.५ च्या खालचं, म्हणून डोस ८८ झाला. मार्चमध्ये १.६. त्यानंतर विसाव्या आठवड्यापर्यंत दर महिन्याला, आणि मग एकदा तिसाव्या आठवड्याच्या सुमारास.

सातव्या आठवड्यात रक्ताचे डाग दिसले. मी बाथरूममध्ये बसून राहिले, उठवेना. सासूबाईंनी दार ठोठावलं, काही न विचारता गाडी काढायला लावली. ठोके चालू होते. रक्तस्राव आणि आधीचे गर्भपात दोन्ही असल्यामुळे प्रोजेस्टेरॉनच्या योनीमार्गे ठेवायच्या गोळ्या सोळाव्या आठवड्यापर्यंत दिल्या. नववा आठवडा ओलांडेपर्यंत मी कोणाशी धड बोलले नाही. टीएसएच छान आहे म्हणून भीती कमी होते, असं होत नाही. ट्रायसोमी पुन्हा होणार नाही याची हमी कुठलीच गोळी देत नाही, हे मला ठाऊक होतं. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत तिने हात हलवला, तेव्हा मी पहिल्यांदा श्वास सोडला.

आरोग्य केंद्रात नाव नोंदवलं की लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतल्या तर ती शोषलीच जात नाही. निदान चार तासांचं अंतर हवं. माझं वेळापत्रक : पहाटे साडेपाचला थायरॉइड, दुपारी जेवणानंतर कॅल्शियम, रात्री लोह. हे मी माता-बाल कार्डाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं. ते पाहून आमच्या केंद्रातल्या सिस्टरनी आणखी दोघींना तसंच लिहून दिलं.

११ सप्टेंबर २०२३ ला गोमेकॉत मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅम. आठ दिवसांवर चवथ, घरात सोयर, त्या वर्षी गणपती चुलत घरच्यांनी पुजला. तिसऱ्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन तिचं टीएसएच तपासलं, नॉर्मल आलं. आईला थायरॉइड असो वा नसो, ही तपासणी प्रत्येक बाळाची व्हावी. जन्मजात दोष वेळेत सापडला तर गोळीने मेंदूचं नुकसान टळतं. डिस्चार्ज घेण्याआधी झाली का, हे विचारा.

माझा डोस बाळंतपणानंतर लगेच ६२.५ वर आणला. गोळी अंगावर पाजताना चालते. सहा आठवड्यांनी २.४. मग फेब्रुवारीत विलक्षण थकवा, केसांचे पुंजके, कशातच मन लागेना. सगळे म्हणाले, पाजणारी बाई थकणारच. पण टीपीओ अँटीबॉडीज असलेल्यांना बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड पुन्हा बिघडण्याचा धोका जास्त असतो हे माहीत होतं म्हणून तपासलं : ८.७. डोस ७५ झाला आणि दोन महिन्यांत माणसात आले. आता वर्षातून एकदा तपासणी.

धाकट्या बहिणीचं लग्न गेल्या वर्षी झालं. आईचा आणि माझा आजार सांगून तिची टीएसएच आणि अँटी टीपीओ करून घेतली. टीएसएच २.२, अँटीबॉडीज नाहीत. तिला औषध नाही, फक्त दिवस राहिले की पहिल्याच रक्ततपासणीत टीएसएच पुन्हा करायचं आहे, आणि ते तिने लिहून ठेवलं आहे.